घरदुरुस्ती करणाऱ्या संस्थेसाठी व्हॉलंटियरची वेबसाइट कशी बांधायची, पहिल्यापासून

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, वासे मोडले. आमची छोटी संस्था तेव्हापासून छपरांची कामं करते. मिस्त्री आणि सुतार पगारी असतात, आणि त्यांच्या हाताखाली कौलं उतरवणं, पत्रे वर देणं, रेती चाळणं, रंग मारणं हे व्हॉलंटियर करतात, कोणी मुंबई-पुण्याहून रविवारी येणारे, कोणी कॉलेजचे एनएसएसवाले, कोणी गावातलीच पोरं. पहिली दोन वर्षं सगळं व्हॉट्सॲप ग्रुप आणि एका वहीवर चाललं.

मग मे महिन्यातला एक रविवार आला. दोन घरांवर काम होतं, ग्रुपवर "रविवारी कोण कोण येतंय" असा मेसेज पडला, अंगठ्यांची रांग लागली. रस्त्यालगतच्या घरी आठ माणसं हवी होती, तेवीस आली. वरच्या वाडीतल्या घरी मिस्त्री आणि त्यांचा हेल्पर असे दोघंच, आणि त्या घराचे जुने पत्रे शनिवारीच काढून ठेवलेले, आत भाताची कणगी, गाद्या, पोरांची दप्तरं सगळं उघड्यावर, आणि पश्चिमेला ढग. खालच्या घरातल्या आजींनी तेवीस जणांच्या चहासाठी शेजारून दूध मागून आणलं होतं. आमच्या को-ऑर्डिनेटर ताई त्या दिवशी संध्याकाळी काही बोलल्या नाहीत, नुसत्या वहीची पानं उलटत बसल्या. त्याच आठवड्यात मी वेबसाइट बांधायला घेतली, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे सगळं सांगतोय. घरांचं काम करणारी कुठलीही संस्था असो, तुमच्याकडे थोडंफार कोडिंग येणारा एक माणूस असेल तर हे जमतं.

आधी वही वाचा

लॅपटॉप उघडायच्या आधी जो माणूस आत्ता हे सगळं सांभाळतो त्याच्याबरोबर एक पूर्ण शनिवार आणि एक पूर्ण रविवार काढा. फोन कोणाला जातात, कधी जातात, काय विचारलं जातं ते बघा. आमच्या ताईंच्या वहीत प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी होतं, "गाडी आहे", "वर चढतो", "३ ला निघणार, ट्रेन", "डबा आणत नाही", "सुतारकामाची आवड", "मागच्या वेळी उन्हाने त्रास". मी मनात आखलेल्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, "तुम्हाला का यावंसं वाटतं" असं सगळं होतं आणि वहीतलं एकही नव्हतं. तो फॉर्म मी टाकून दिला, वहीतले शेरे एका कागदावर उतरवले, आणि साइटचा आराखडा त्या कागदावरून झाला.

अजून एक बघा, तुमच्याकडे कामं किती प्रकारची आहेत. आमच्याकडे दोन निघाली आणि हा फरक मला आधी कळलाच नव्हता. एक म्हणजे दिवसाचं काम, त्या दिवशी आलात, पत्रे चढवले, घरी गेलात. दुसरं म्हणजे कागदाचं काम. घरकुलाच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा), बँक खातं, रोजगार हमीचं जॉब कार्ड हे जमवायला मदत लागते, आणि प्रधानमंत्री आवास योजनेचे हप्ते बांधकाम टप्प्याटप्प्याने दाखवत, जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो चढत सुटतात, त्यामुळे तो पाठपुरावा महिनोन्‌महिने चालतो. अशा कामाला रविवारची हजेरी काय कामाची, तिथे एक व्हॉलंटियर आणि एक कुटुंब अशी जोडी लावायची, आणि "पुढचा फोन कधी" ही तारीख ठेवायची. दोन्ही एकाच साच्यात कोंबू नका. आधी दिवसाच्या कामाचं बांधा, कागदाचं नंतर जोडा.

डेटाबेस: पाच तक्ते पुरतात

व्यक्ती, घर, कामाचा दिवस, नोंदणी, हजेरी. बस.

सगळ्याचा कणा म्हणजे कामाचा दिवस. एक घर, एक तारीख, सुरू आणि संपायची वेळ, कामाचा प्रकार, किती माणसं हवी, त्यातली वर चढणारी किती, साइट प्रमुख (त्या घरावरचं काम सांभाळणारा) कोण. बहुतेक जण व्यक्तीपासून सुरू करतात, व्हॉलंटियरचं सुंदर प्रोफाइल वगैरे, आणि मग साइट म्हणजे नावांचं गोदाम होतं, नावं पाचशे आणि रविवारी वाडीत कोणीच नाही. कामाच्या दिवसापासून सुरू केलं की प्रत्येक पान एकच प्रश्न विचारतं, या घराला या तारखेला किती माणसं कमी आहेत.

"किती हवी" ला दोन आकडे ठेवा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मंगलोरी कौलं उतरवायला हातोहात साखळी लागते, तिथे पाच जणांत काम रखडतं आणि बारा जण आले तर भराभर होतं. पण पत्रे बसवताना वर दोघं-तिघंच हवेत, खाली पत्रा धरून देणारे दोघं, एक जण जे-हुक (पत्रा अडकवायचे आकडे) आणि वायसर देणारा, त्याहून जास्त माणसं म्हणजे अपघाताला बोलावणं. हे आकडे मिस्त्रींकडून घ्या, ऑफिसातून ठरवू नका.

व्यक्तीच्या तक्त्यात फोन नंबर हीच ओळख मानायची चूक करू नका. गावात एका फोनवर आई आणि दोन मुलं तिघं नोंदणी करतात. प्रत्येकाला स्वतंत्र आयडी द्या, फोन नंबर रिपीट होऊ द्या. नंबर साठवताना मात्र एकच पद्धत, आधीचं शून्य, अधिक एक्याण्णव, मधल्या जागा सगळं काढून दहा आकडे. आणि नोंदणीच्या तक्त्यावर व्यक्ती अधिक कामाचा दिवस ही जोडी युनिक करा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा भरताच येणार नाही, नाहीतर नेट अडकल्यावर लोक बटण चारदा दाबतात आणि एक माणूस चार जागा खातो.

मराठी नावांचं एक दुखणं आहे ते आत्ताच सांगतो. "कुऱ्हाडे" मधला तो अर्धा र प्रत्येक कीबोर्ड वेगळ्या पद्धतीने टाइप करतो, कोणी ऱ वापरतं, कोणी साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी नावं, त्यामुळे शोधलं की सापडत नाही आणि मग तोच माणूस परत नव्याने भरला जातो. साठवताना युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) करा, तेवढ्याने सगळं सुटत नाही म्हणून शोधासाठी एक वेगळा कॉलम ठेवा ज्यात हे प्रकार एकसारखे करून टाकलेले असतील, आणि ताईंना फोनच्या शेवटच्या चार आकड्यांवरूनही शोधता येऊ द्या. ताई तेच सगळ्यात जास्त वापरतात.

कशात बांधायचं

महिन्याला दोनच कामाचे दिवस असतील तर गुगल फॉर्म आणि शीट पुरे, खरंच सांगतो, वेबसाइट बांधू नका, तो वेळ घरांना द्या. एका वेळी दोन-तीन घरांची कामं चालू झाली की शीट तुटते, कारण एका घराच्या जागा भरल्या की फॉर्म फक्त तेवढाच पर्याय आपोआप बंद करत नाही आणि दोघं एकदम शीट बदलतात.

मी जँगो (पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) घेतलं. कारण साधं आहे, जँगोमध्ये ॲडमिनचं पान तयार मिळतं, म्हणजे तक्ते लिहिले की त्याच संध्याकाळी ताई घरं आणि तारखा भरायला लागू शकतात आणि तुम्ही बाहेरची पानं निवांत बांधू शकता. वर्डप्रेस येत असेल तर माहितीची पानं त्यात करा, पण नोंदणीसाठी पाच प्लगिन एकमेकांना बांधत बसू नका, एक अपडेट आलं की शनिवारी रात्री सगळं बंद. टाइमझोन पहिल्याच दिवशी एशिया/कोलकाता करा, विसरलात तर सकाळी ८ चं काम मेसेजमध्ये रात्री अडीचचं दिसेल.

पानं हलकी ठेवा. महाड-पोलादपूरच्या डोंगरात फोनला एक काडी रेंज असते, तिथे मोठे फोटो आणि फिरते बॅनर उघडतच नाहीत. माझं कामाच्या दिवसाचं पान म्हणजे नुसता मजकूर, दोन बटणं आणि एक नकाशाची लिंक.

नोंदणीचा फॉर्म

नाव, फोन, कुठून येणार, गाडी आहे का, वर चढायला चालेल का, अडचणीत कोणाला फोन करायचा, १८ पूर्ण आहेत का. सात प्रश्न. आजारांची यादी मी आधी टाकली होती, काढून टाकली. आम्हाला हवं होतं फक्त हे, की माणूस परांचीवर जाऊ शकतो की नाही, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच. कोणाला चक्कर येते, कोणाला काय औषध चालू आहे हे आमच्या डेटाबेसमध्ये असायचं कारण नाही. आधार कार्डाचा फोटो तर मागूच नका, घेतलात की तो सांभाळायची जबाबदारी तुमची, आणि पत्रे चढवायला आधार लागत नाही.

२०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संमती साध्या भाषेत मागायची आहे आणि ती मराठीतही वाचता आली पाहिजे, तेव्हा फॉर्मखाली चार ओळी सरळ लिहा, काय घेतोय, कशासाठी, कोण बघणार, पुसून टाकायचं असेल तर कोणाला सांगायचं. १८ च्या खालच्यांसाठी पालकांची संमती लागते. आम्ही १८ खालच्यांना छपरावर पाठवतच नाही, आणि हे नुसतं लिहून ठेवलेलं नाही, साइटच त्यांना तो पर्याय दाखवत नाही.

लॉगिन आणि पासवर्डही नकोत. वर्षातून तीनदा येणाऱ्याला पासवर्ड आठवत नाही आणि मग ताईंना फोन. प्रत्येक नोंदणीला एक लांब, अंदाज न येणारी लिंक द्या, तीच उघडून येतोय-नाही सांगायचं, आणि कामाचा दिवस गेला की ती बंद. को-ऑर्डिनेटर आणि साइट प्रमुखांना मात्र पासवर्ड आणि दुहेरी तपासणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड) दोन्ही, त्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात.

जागा भरणं आणि वेटिंग

हा कोडमधला खरा नाजूक भाग. शेवटची एक जागा आहे आणि दोन मुलांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं तर दोघांना "झाली नोंदणी" असं जाऊ शकतं. म्हणून जागा मोजणं आणि नाव घालणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही, आणि त्याआधी कामाच्या दिवसाची ओळ लॉक करायची, म्हणजे तोवर दुसऱ्याला थांबावं लागतं, जँगोत सिलेक्ट फॉर अपडेट आहे ते वापरा. जागा नसेल तर वेटिंगला नाव.

वेटिंगच्या पानावर नुसतं "जागा नाही" दाखवू नका, "या रविवारी वरच्या वाडीत चार माणसं कमी आहेत, तिकडे येता का" असं दाखवा. तेवीस आणि दोनचा तो रविवार टाळायला मला याहून चांगलं काही सुचलेलं नाही. एका घराच्या जागा भरल्या की माणूस परत जात नाही, दुसऱ्या घराकडे वळतो.

गुरुवारी संध्याकाळी प्रत्येकाला विचारा, येतोय की जमत नाही. दोन्ही बटणं सारख्याच आकाराची. मी आधी "जमत नाही" बारीक अक्षरात खाली ठेवलं होतं, वाटलं लोक कमी गळतील, झालं उलटंच, लोक काहीच दाबायचे नाहीत आणि रविवारी यायचे नाहीत. आता नाही म्हणणं सोपं आहे, नाही म्हटलं की साइट थँक्यू म्हणते, जागा वेटिंगमधल्या पहिल्याला जाते. शुक्रवारपर्यंत उत्तर नसेल तर ते नाव ताईंच्या फोनच्या यादीत वर येतं. तो फोन माणसानेच करायचा. एका पोराने फोनवर सांगितलं की तिकिटाला पैसे नाहीत म्हणून कळवलं नाही, ताईंनी त्याला पनवेलहून येणाऱ्या एका गाडीत बसवलं. बटणाला त्याने हे सांगितलं नसतं.

मेसेज

व्हॉट्सॲपची बिझनेस एपीआय (वेबसाइटवरून आपोआप मेसेज पाठवायची सोय) वापरणार असाल तर आपण सुरुवात करून पाठवायचे मेसेज आधी टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यावे लागतात, मोकळं लिहिता येतं ते समोरच्याने मेसेज केल्यावर २४ तासच. एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची व्यवस्था) संस्था, पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट सगळं रजिस्टर करावं लागतं, संस्थेचे कागद तयार ठेवा आणि हे काम साइट बांधायला घेता त्याच दिवशी सुरू करा, शेवटी ठेवलंत तर साइट तयार आणि मेसेज अडकलेले. देवनागरी एसएमएस ७० अक्षरांतच एक धरला जातो, इंग्रजी १६० ला, तेव्हा मराठी मेसेज लांबला की खर्च दुप्पट-तिप्पट. "रवि. सकाळी ८, वरची वाडी. येणार? लिंक:" एवढं पुरतं. लिंकही छोटी ठेवा, ती धरूनच ७० मोजतात.

कामाच्या दिवशी

शनिवारी रात्री साइट प्रमुखाच्या फोनवर एक पान जातं आणि ते छापूनही घेता येतं. नावं, फोन, कोण वर चढणार, कोणाच्या गाडीत कोण, जेवण किती जणांचं, जवळचं सरकारी रुग्णालय, आणि मोठ्या अक्षरात १०८. छापलेलं पान नक्की ठेवा, डोंगरात रेंज जाते पण कागद राहतो. हजेरी त्या कागदी मस्टरवर सह्या घेऊनच होते, आणि संध्याकाळी खाली रेंजमध्ये आल्यावर प्रमुख साइटवर टिक करतो. मी ऑफलाइन चालणारं हजेरीचं ॲप बांधायला महिना घालवला आणि शेवटी कागदच जिंकला. तो महिना तुम्ही वाचवा.

हजेरीच्या पानावर एक रिकामी चौकट ठेवा, "आज काय राहिलं". उत्तरेकडच्या कोपऱ्यात दोन वायसर नाहीत, पन्हळ लावायची राहिली, असं प्रमुख त्यात लिहितो आणि ते आपोआप त्याच घराच्या पुढच्या कामाच्या दिवशी दिसतं. नवीन टोळी आली की कुठून सुरू करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

घरातल्या माणसांचं

यावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. वेबसाइट व्हॉलंटियरची असली तरी घर कोणाचं तरी आहे. सुरुवातीला एका आजींच्या मोडक्या घराचा फोटो आम्ही नावासकट ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत मुंबईतल्या त्यांच्या पाहुण्यांपर्यंत गेला. आजी मला म्हणाल्या, "बाळा, छप्पर गेलं होतं, अब्रू नव्हती गेली." त्यानंतर बाहेरच्या पानावर घराला फक्त कोड असतो आणि गावाचं नाव, "वरची वाडी, घर ३" असं. कुटुंबाचं नाव आणि नकाशाची पिन नक्की येणाऱ्यांनाच, तीही आदल्या संध्याकाळी. फोटोसाठी घराच्या तक्त्यात वेगळी परवानगी आहे, कामाआधीचा वेगळा, झाल्यावरचा वेगळा, कारण पुष्कळ जण नव्या छपराखाली हसत फोटो देतात पण आधीचा नको म्हणतात.

आणि कामाची तारीख घरच्यांना विचारून घाला. गणपतीत, शिमग्याला चाकरमानी गावी आलेले असतात, घर भरलेलं असतं, तेव्हा छप्पर काढायचं नाही. भातलावणीत त्यांना वेळ नसतो, आणि पाऊस लागल्यावर तर छप्पर उघडायचंच नाही. आमच्या कॅलेंडरमध्ये १ जूननंतर छपराचं नवीन काम टाकायला गेलं की साइट अडवते आणि ताईंची परवानगी मागते, मृग तोंडावर असतो.

ग्रुप आणि प्रमाणपत्रं

कंपन्यांचे ग्रुप चाळीस जणांची बस घेऊन येतो म्हणतात. त्यांची नोंदणी एकेक नावाने घेऊ नका, ग्रुप म्हणून वेगळी घ्या, आणि एका घरी चाळीस जणांचं काम नसतं हे साइटनेच सांगावं. आम्ही त्यांना तीन-चार घरांत वाटतो, प्रत्येक ठिकाणी एक जुना व्हॉलंटियर बरोबर देतो.

एनएसएसच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तासांची नोंद आणि प्रमाणपत्र ही गरज आहे, वेळेवर मिळालं पाहिजे. मराठी पीडीएफ करताना सांभाळा, काही लायब्ररी जोडाक्षरं फोडतात, "प्रमाणपत्र" चे तुकडे होतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. एचटीएमएल पानावरून पीडीएफ करणारं वीझीप्रिंट (WeasyPrint) वापरलं की अक्षरं नीट येतात, फक्त सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकायला विसरू नका.

सुरू करताना आणि नंतर

एक तालुका, चार रविवार, आणि वही बरोबरीने चालू. वहीतलं आणि साइटवरचं दर सोमवारी शेजारी ठेवून ताडून बघा. आमच्याकडे दुसऱ्या रविवारी दोन नावं वहीत होती, साइटवर नव्हती, कारण त्या काकांकडे साधा फोन होता. त्यातून "ताईंनी फोनवरून नोंदवलं" असं एक बटण आलं आणि आज ते रोज लागतं.

रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या जागी जाऊ द्या आणि तीन महिन्यांतून एकदा तो रिकाम्या मशीनवर उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा नको. डोमेन आणि सर्व्हर संस्थेच्या ईमेलवर घ्या. आमचं डोमेन आधीच्या एका व्हॉलंटियरच्या स्वतःच्या खात्यावर होतं, तो नोकरीसाठी परदेशी गेला, रिन्यूअलचा मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहिला आणि ऐन एप्रिलात साइट चार दिवस बंद. आता रिन्यूअलची तारीख ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते, पासवर्ड दोन माणसांकडे असतात, आणि साइट बंद पडली तर काय करायचं ते ताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, शनिवारच्या याद्या छापून कपाटात कुठे ठेवल्यात त्यासकट.